सहा पिवळे झिंगे घेऊन पिंपळनेरला

जळगावला लोक उतरतात ते लेणी बघायला. मी उतरलो बरण्या बघायला, आणि घरून निघताना बायकोने यावर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साताऱ्यात आमच्या खिडकीत चार वर्षांपासून एक बरणी आहे. तिच्यातल्या मचूळ पाण्यात नखाएवढे लाल झिंगे (छोटी कोळंबी) राहतात. ते मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. जळगावचे रफिकभाई घड्याळं दुरुस्त करता करता हेच झिंगे रंगांप्रमाणे वाढवतात, असं कळल्यापासून मला चैन नव्हती.

त्यांचं दुकान कपाटाएवढं. भिंतीवर बंद पडलेली घड्याळं, खाली फळीवर लोणच्याच्या बरण्या. एकीत लालभडक झिंगे, दुसरीत नारिंगी, तिसरीत आरपार दिसणारे आणि शेवटच्या बरणीत चक्क हळदीसारखे पिवळे. रफिकभाईंनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि बरणीला नाक टेकवलं.

“मादीच्या पोटाखाली अंडी असली की भिंगातून लगेच दिसतात. तुम्ही बरणीत हात घालता का?”

“रोज. काडी घालून हलवतो, मजेत आहेत ना ते बघायला.”

“मग कशी अंडी धरतील? घाबरला की झिंगा रंग सोडतो, पांढरा पडतो. महिना महिना हात लावायचा नाही, साहेब. आणि पिवळे लालमध्ये सोडायचे नाहीत. दोन-तीन पिढ्यांत पिवळा शोधून सापडत नाही.”

दुपारी त्यांच्या घरी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली. मी बोटं चाटत असताना त्यांनी मुद्दा काढला. हे पिवळे मूळचे पिंपळनेरच्या शांताअक्कांचे. त्यांनीच थोडे दिले म्हणून इथे वाढले. पण गेल्या उन्हाळ्यात अक्कांची बरणी तापली आणि तीनच उरले. त्यांना अंडी काही लागेनात, बहुधा तिन्ही नरच. कुरिअरने पाठवलेले दोन्ही वेळा वाटेत मेले.

“तुम्ही स्वतः हातात धरून नेलेत तर पोचतील. सहा देतो. माझ्याकडे आता एवढेच देण्यासारखे आहेत.”

प्लास्टिकच्या बाटलीत सहा पिवळे जीव माझ्या हाती आले. मला भलताच मान मिळाल्यासारखं वाटलं.

धुळ्याला एसटी बदलली. बाटली मांडीवर, वर मफलर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “औषध का?” मी झिंगे म्हटल्यावर त्या खिडकीकडे सरकल्या. बाहेर वेचणी झालेली कपाशी उभी होती आणि साक्रीच्या बाजूला डोंगर वर येऊ लागले होते. तेवढ्यात मांडी ओली लागली. झाकण गळत होतं आणि पाणी निम्म्यावर आलं होतं.

साक्रीच्या स्टँडवर मी धावतच चहाच्या टपरीवर गेलो. मालकाने झाकलेल्या हंड्यातून पाणी काढून दिलं. “तांबाना हंडानं पानी शे, भाऊ. अंगले चांगलं ऱ्हास.” (तांब्याच्या हंड्याचं पाणी आहे, अंगाला चांगलं असतं.) मी खुशीने बाटली भरली. तांबं या जीवांना विष, हे मी घरी दहा वेळा वाचलेलं होतं. पण पाहुण्याला चांगलं पाणी मिळालं की कोण शंका घेतं?

पिंपळनेरला शांताअक्का दारातच उभ्या होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. त्यांनी बाटली उजेडात धरली. सहाच्या सहा झिंगे पांढरे पडले होते.

“तुम्हीन वाटमा यास्ले कोनतं पानी टाकं?” (वाटेत यांना कोणतं पाणी घातलंत?)

मी सांगितलं. सांगतानाच चूक लख्ख कळली आणि अक्कांकडे बघवेना.

“मानूसले चांगलं ते यास्ले जहर, भाऊ.” एवढंच म्हणून त्यांनी मातीच्या परळात साठवणीचं पावसाचं पाणी घेतलं, त्यात समुद्री मीठ विरघळवलं आणि एकेक झिंगा चमच्याने उचलून त्यात सोडला. माझ्यापुढे ताट वाढलं, पण मी परळाशीच बसून राहिलो. “जेवा,” अक्का म्हणाल्या. “ते भ्यायेल शेतस, मरेल नही.” (भ्यालेले आहेत, मेलेले नाहीत.)

सकाळी दोन मेलेले होते. अक्कांनी ते तुळशीच्या मातीत पुरले आणि मला हाक मारली. “दखा. चार शेतस. रंग बी उना.” (बघा, चार आहेत. रंगही आला.) परळाच्या तळाशी चार पिवळे ठिपके सावकाश चालत होते. माझे डोळे भरून आले आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

साताऱ्याला परतल्यावर काडी फेकून दिली. चार वर्षं मी ज्याला काळजी म्हणत होतो तो त्या बिचाऱ्यांचा छळ होता, आणि टपरीवरची माझी खुशीही त्याच जातीची. आता मी बरणी नुसती बघतो. माझे झिंगे पूर्वीपेक्षा लाल दिसतात.

दीड महिन्याने अक्कांचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

“भाऊ, एक पिवयी मादीना पोटले अंडा लागनात! पिल्लं दखाले या. पन पानी आनू नका.” (एका पिवळ्या मादीच्या पोटाला अंडी लागली आहेत, पिल्लं बघायला या.)

मी उत्तर देण्याआधीच बायको म्हणाली, “अक्का, मी सोबत येते. बाटली मी धरीन.”