कॉकटेलचे थर

राजारामपुरीतल्या त्या कॉकटेलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काउंटरला पोट टेकवून उभा असायचा. उंच ग्लासात खाली फळं, मग जेली, मग घट्ट दूध, वर आईस्क्रीमचा गोळा, असे थर लावायचा. प्रत्येक ग्लास डोळ्यासमोर धरून फिरवायचा, मगच गिऱ्हाईकाला द्यायचा.

बायको गेल्यावर पहिल्यांदाच लेकी पोरं घेऊन माहेरी येणार होत्या. दर मे महिन्यात ती त्यांना घरी कॉकटेल करून घालायची. मी आयता पिणारा. पण यंदा ते चुकायला नको, म्हणून त्याच्याकडं गेलो आणि सरळ म्हटलं, "मालक, मला शिकवा."

त्यानं मला काउंटरच्या आत घेतलं. मी भसकन दूध ओतलं आणि सगळं एकात एक झालं.

"पावणं, हे कॉकटेल न्हाय, पंचगंगेचा पूर हाय!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की अख्खं दुकान हसलं. मग चमच्याच्या पाठीवरून दूध सोडून दाखवलं. "दमानं वो! कोण मागं लागलंय व्हय?"

लेकी आल्यावर घरी आठ ग्लास केले. एकाचाही थर टिकला नाही. मी तोंड पाडून बसलो, तर थोरली चमचा चाटत म्हणाली, "आण्णा, आईचं पण असंच व्हायचं की!"

चाळीस वर्षं पिऊन मी ते कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन कॉकटेलवाल्याला हे सांगितलं. तो खदाखदा हसला. "मग बरोबर जमलंय की वो! आता माझ्याकडं शिकायला येऊ नका. बिघडंल."