परागच्या टूररबद्दल मी जे लिहिलं नव्हतं

गेल्या रविवारी सकाळी जयगडला गेलो होतो. बाईक विकायची आहे, नीट तपासून दे, असा परागचा फोन आला होता. नाही म्हणणं शक्यच नव्हतं... कारण ही गाडी त्याने माझा रिव्ह्यू वाचून घेतली होती.

पराग माझा कॉलेजपासूनचा मित्र. मालवाहू जहाजावर, इंजिन रूममध्ये फिटर. सात-आठ महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. अशाच एका सुट्टीत बाईकवरून लडाख गाठायचं, हे त्याचं फार जुनं वेड.

माझे रिव्ह्यू वाचणाऱ्यांना आठवत असेल, मागच्या वर्षी मी एका मोठ्या टूरिंग बाईकवर लांबलचक लिहिलं होतं. गाडी एका दिवसासाठी मिळाली होती, आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन आलो. क्रूझ कंट्रोल, चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, वारा अडवणारी उंच काच, दिवसभर बसूनही न दुखणारी पाठ... सगळ्याचं तोंडभर कौतुक केलं.

सीटच्या उंचीवर फक्त दोन शब्द लिहिले होते. "सवय होते." माझी उंची सहा फूट, मला कसली डोंबलाची सवय करायची होती!

पराग पाच फूट चार इंच. हीच गाडी घेताना शोरूममध्ये मी त्याच्यासोबत होतो. तो गाडीवर बसला तेव्हा पायांची नुसती बोटं टेकत होती, टाचा हवेत... मी ते बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "होते रे सवय."

महिन्याभरातच पडला. तेही वेगात नाही, उभ्या उभ्या. घराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर समोरून रिक्षा आली म्हणून थांबला, डावा पाय टेकायला गेला, तर त्या बाजूला जमीन आणखी खोल. भरलेली टाकी आणि बाजूचे सामानाचे डबे धरून अडीचशे किलोचं धूड कलंडलं. घोटा गाडी आणि रस्त्याकडेचा जांभ्या दगडाचा गडगा यांच्यामध्ये सापडला.

वेग शून्य होता. मी ज्या ज्या गोष्टींचं कौतुक केलं होतं, त्यातली एकही तिथे कामाची नव्हती.

घोट्यात प्लेट पडली, स्क्रू पडले. सहा महिन्यांनी जहाजाच्या मेडिकलला गेला. इंजिन रूमच्या उभ्या शिड्या चढता येत नाहीत म्हणून अनफिट. सतरा वर्षांची दर्यावरची नोकरी तिथेच संपली. आता पोर्टमध्ये बसून करायचं काही काम मिळतंय का, बघतोय.

हॉस्पिटलमध्ये मी दोनदा गेलो होतो. रस्त्यांवर बोललो, डॉक्टरांवर बोललो... शोरूमचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही.

रविवारी घरापुढच्या खळ्यात बसून गाडी तपासली. चेन, ब्रेक, टायर, बॅटरी, सगळं नव्यासारखं. जेमतेम अकराशे किलोमीटर चाललेली. डाव्या बाजूला ओरखडे, बस्स.

परागची बायको, स्वातीवहिनी, चहा घेऊन आल्या. कप ठेवून गेल्या नाहीत, तिथेच थांबल्या.

"भावोजी, एक विचारू? तुम्ही होतात ना तेव्हा शोरूममध्ये. ह्यांचे पाय पुरत नाहीत, दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं, वहिनी."

"मग बोललात का नाही?"

त्याच्या आनंदावर विरजण नको म्हणून, असं सांगणार होतो. पण ते अर्धंच खरं होतं. मी एवढं कौतुक लिहून बसलो होतो, आता माघार कशी घ्यायची... हे उरलेलं अर्धं. मी वाकून पुन्हा चेन बघायला लागलो. पराग पडवीत बसून सगळं ऐकत होता.

अकराच्या सुमारास गिऱ्हाईक आलं. दोन महिन्यांत पहिलंच. देवरुखकडचे एक शिक्षक, तिशीतले, उंचीने परागएवढेच.

मला ओळखलं त्यांनी. "सर, तुमचा रिव्ह्यू तीनदा वाचलाय मी," म्हणाले आणि गाडीवर बसले. बोटं टेकली, टाचा हवेत. डोळे नुसते चमकत होते. "आजच नेतो," म्हणाले.

मी बोलणार होतो. शपथेवर सांगतो, बोलणार होतो... शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पराग काठी टेकत खळ्यात आला.

"उतरा, मास्तर. ही तुमच्यासाठी नाही."

"सवय होते ना पण? सरांनीच लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय त्याने," पराग माझ्याकडे न बघता म्हणाला. मग पँट वर करून घोटा दाखवला.

मास्तरांनी घोट्याकडे बघितलं. मग हळूच उतरले, हेल्मेट उचललं आणि गेले. वहिनी कप उचलून आत निघून गेल्या. घरात पगार येणं थांबलंय, हे त्या खळ्यात आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पराग गाडीवर ताडपत्री ओढायला लागला. मी दुसरं टोक धरलं. म्हणाला, "आता तरी नीट लिही."

तर नीट लिहितो. गाडी चांगली आहे. पण चढावर, उतारावर, खडीवर उभं राहून पाय भक्कम टेकत नसतील, तर घेऊ नका. कोणी "सवय होते" म्हणालं, तर आधी त्याची उंची विचारा. जुना रिव्ह्यू मी काढलेला नाही, त्याच्यावर ही पोस्ट जोडतोय. माझी चूक सगळ्यांना दिसू दे.

परागने मला माफ केलंय की नाही, माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पण मी निघालो तेव्हा तो काठी टेकत, एकेक पाऊल टाकत फाटकापर्यंत सोडायला आला... माझी तेवढीही लायकी नव्हती.