बॉनेटच्या बरोब्बर मध्यभागी

आता हा माझा घोटाळा कोणत्या तोंडानं सांगू? आधी तो चहाचा घोट गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल.

आमच्या द्वारका चौकात माझं गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पुस्तिका वाचत, चुकत चुकत शिकलो. रंग मोजायचं एक मशीन घेतलंय. गाडीला टेकवायचं, बटण दाबायचं, आकडे येतात. त्यावरून हुबेहूब तोच रंग बनवायचा.

तर भाचीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी माझी थोरली बहीण तिची पांढरी गाडी घेऊन दारात. मडगार्डवर हा एवढा ओरखडा!

"बाळ्या, उद्या मीनू याच गाडीतून कार्यालयात जाणार. व्याह्यांसमोर माझी शोभा करू नकोस."

पन्नाशीतल्या माणसाला बाळ्या! पण ताईच ती.

मशीन मडगार्डला टेकवलं. आता मडगार्ड कलिंगडासारखं गोल, अन् मशीनचं तोंड सपाट. कडेला फट राहायची, उजेड आत शिरायचा आणि दर वेळी आकडा वेगळा! काळं फडकं गुंडाळलं, श्वास रोखला. छे!

"अरे, ताप आलाय का तिला? किती तपासतोस?"

"ताई, गोलाईवर घाई चालत नाही."

शेवटी डोकं लढवलं. सपाट जागा शोधू! म्हणजे बॉनेट. तेही कुठंही नाही हं, मोजायचा टेप लावून बरोब्बर मध्य काढला. तिथं आकडे दर वेळी तंतोतंत सारखे! मी खूश. रंग बनवला, मारला, दिव्याखाली वाळवला.

दुपार कलताना गाडी उन्हात काढली. गाडी पांढरीशुभ्र आणि मडगार्ड... केशर घातलेलं श्रीखंड!

"ताई, गोलाईवर ऊन तिरकं पडतं ना, त्यामुळे तसा भास होतो..."

"भास? मला श्रीखंड कळतं रे!"

मग तीच बॉनेटवर वाकली. भर उन्हात तिथं एक फिकट पिवळं स्वस्तिक दिसत होतं. दसऱ्याच्या पूजेचं. गाडी किती वेळा धुतली असेल, पण हळदीचा डाग तो, जातोय थोडाच! आत ट्यूबलाइटखाली मला दिसलाच नव्हता. मशीननं मात्र इमानेइतबारे तोच मोजला.

"एवढी हळद थापली कुणी?" मी घुश्शातच विचारलं.

ताईनं कमरेवर हात ठेवले. "तू! मी म्हणत होते, नुसतं बोट टेकव. तर तू टेप घेऊन आलास. मध्यभागीच यायला हवं म्हणून!"

पुन्हा रंगवून वाळवायला वेळ नव्हता. अख्खं मडगार्ड झेंडूच्या माळांनी झाकलं. मी माळा बांधतोय आणि ताई पदरानं डोळे पुसत हसतेय. "मीनूच्या आधी माझ्या गाडीला हळद लावलीस रे, बाळ्या!"

लग्न थाटात झालं. मडगार्ड नंतर नीट रंगवून दिलं, तेही ताईला उन्हात उभं करून, तिच्या डोळ्यांनी पास करून घेतलं.

यंदा दसऱ्याला पूजेला गेलो, तर तिनं हळदीची वाटी माझ्या हाती दिलीच नाही. झेंडूचं एक फूल दिलं.

"हे ठेव बॉनेटवर. आणि कुठंही ठेव. टेप खिशातच राहू दे!"