वर्तणूक : असमाधानकारक

खेळाच्या सरांनी माझ्या छातीवरचा बिल्ला ओढला तेव्हा पिन उघडलेलीच नव्हती. ड्रेस फाटला, गळ्याखालचं कातडंही फाटलं. प्रार्थना नुकतीच संपली होती आणि अख्खं कॉलेज मैदानावर रांगेत उभं होतं. बिल्ल्यावर लिहिलं होतं, कर्णधार, कबड्डी. सरांनी तो संस्थेच्या चेअरमनच्या मुलीच्या हातात दिला. पिनेला माझं रक्त लागलं होतं. तिनं ते रुमालानं पुसलं आणि बिल्ला लावून घेतला.

मी बारावीला होते. पेठ तालुक्याकडची, कोकणा आदिवासी, नाशकात मुलींच्या वसतिगृहात राहणारी. गंगापूर रोडवरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात माझ्याकडे दोन पदं होती. एक कबड्डीचं, खेळून मिळवलेलं. दुसरं स्वच्छता प्रमुखाचं, न मागता गळ्यात पडलेलं. पहाटे साडेपाचला मैदानात पोरींना पळवायचे आणि सात वाजता त्याच घामट कपड्यांत मुतारीत बादल्या ओतायचे. बादल्या ओतणारीला प्रमुख म्हणतात, हे मला तिथंच कळलं.

मराठीच्या बाईंनी पुण्याच्या एका नामांकित कॉलेजचा अर्ज आणून दाखवला होता. तिथं नुसते मार्क चालत नव्हते. 'भूषवलेली नेतृत्वपदे' असा एक रकाना होता. बाई म्हणाल्या, "कर्णधार लिहिलंस की मुलाखतीला बोलावतीलच." त्या एका रकान्यावर मी वर्षभर जगत होते. चेअरमनच्या मुलीलाही तेच कॉलेज हवं होतं. तिच्याकडे वक्तृत्व होतं, स्नेहसंमेलन होतं. खेळाचं काही नव्हतं.

बिल्ला ओढायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "एका मुलीकडे दोन पदं नकोत. अभ्यास बुडतो. एक सोड."

"स्वच्छता सोडते, सर."

सर हसले. "मग ते कोण करणार? तुम्हा लोकांना सवय असते."

तुम्हा लोकांना. घाणीची सवय कुणालाच नसते. ती लावली जाते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मान खाली घालून बाहेर आले. त्याची लाज मला पिनेच्या जखमेपेक्षा जास्त वाटते.

आठवड्यानं जिल्ह्याची स्पर्धा होती. सर म्हणाले, टॉसला चेअरमनची मुलगी जाईल, फोटोत ती मधे बसेल, चढाया तू कर. टॉस झाला. फोटो झाला. ती बदली खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसली. पंचांनी शिट्टी दिली. पहिली चढाई माझी. मध्यरेषेपर्यंत गेले आणि तिथंच मातीत बसले.

मागून संघातली सुरगाण्याची पोर म्हणाली, "ती बसली, आपुन बी बसायचं." सहाच्या सहा जणी बसल्या. त्यातल्या दोघी तर बंगल्यांत राहणाऱ्या होत्या.

सर झेंड्याची काठी घेऊन मैदानात आले. "ऊठ." पहिली पाठीत बसली. दुसरी खांद्यावर. तिसरी कानावर, आणि कानात जी शिट्टी वाजायला लागली ती थांबेचना. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. चौथी मी वरच्यावर धरली. अंगावर आलेल्याला हिसका देऊन आडवं कसं करायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सर तोंडावर पडले. दात ओठात घुसला. काठी आता माझ्या हातात होती आणि त्यांचं डोकं माझ्या पायाशी.

मी उदार झाले असं खोटं सांगणार नाही. मला ते डोकं फोडायचं होतं. काठी त्यांच्या कानाशेजारी मातीत आपटली. परत आपटली. ती चिरेपर्यंत आपटत राहिले. सर दोन्ही हातांनी डोकं झाकून पडले होते. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझी भीती तिथंच मेली.

जूनमध्ये दाखला आणायला गेले. प्राचार्यांच्या शेजारी सर बसले होते. ओठावर टाक्यांची खूण. माझे वडील द्राक्षबागेतलं काम टाकून आले होते आणि दाराशी हात जोडून उभे होते.

"वर्तणुकीचा रकाना कोरा ठेवलाय," प्राचार्य म्हणाले. "सरांची माफी माग, 'चांगली' लिहितो. नाहीतर पुणं विसर."

वडील हळूच म्हणाले, "माग बाय. माफी मागून काय झिजत नाय आपलं."

मला त्यांचा राग आला. त्यांना हे शिकवणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. आयुष्यभर माफी मागून त्यांची पाठ किती वाकली होती, ते माझ्या समोर उभं होतं.

"असमाधानकारक लिहा," मी म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिहा. खाली सही करा."

त्यांनी लिहिलं. मी त्यांच्याच टेबलावर पुण्याचा अर्ज काढला आणि रकाना भरला. कर्णधार, कबड्डी. स्वच्छता प्रमुख लिहिलं नाही. कर्णधारपदाच्या प्रमाणपत्राच्या जागी तो दाखला जोडला.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. चेअरमनच्या मुलीला आलं.

दाखला अजून माझ्याकडे आहे. नोकरीसाठी जिथं जिथं गेले तिथं तोच कागद सगळ्यांत वर ठेवला. बऱ्याच ठिकाणांहून हाकललं. काही भल्या माणसांनी सांगितलं, एक अर्ज करा, जुनी गोष्ट आहे, वर्तणूक दुरुस्त करून मिळेल. मी दुरुस्त करणार नाही.