शेंदराखालचा दगड

घणसोली गावातून निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देव्हाऱ्यातला दगड स्वतः उपरण्यात बांधून दिला. तरुणपणी एका पहाटे मिठागरावर आकाशातून जाळ पडताना त्यांनी पाहिला होता, आणि तिथेच हा दगड सापडला म्हणत. गावाने त्यांना जन्मभर थापाड्या ठरवलं. आता आजारपणामुळे उंबरा ओलांडवत नाही. ‘लोनारला नेऊन इचार, मी हाय तवर,’ एवढंच म्हणाले. शेंदराला मात्र हात लावायचा नाही, अशी ताकीद.

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. शेंदराने शर्ट माखला, पण कंडक्टरने देव बघून खिडकीची जागा दिली.

लोणारच्या काठावर पोचलो. उल्का आदळून झालेला हा खड्डा इतका मोठा, की पलीकडची झाडं दुर्वांएवढी दिसतात. तळाशी हिरवट, खारं पाणी. सीताफळींमधून उतरलो तसा उग्र वास आला. काठावर वाळलेल्या क्षाराची पांढरी खपली होती. ती बघून मिठागरातले आबा आठवले. दगड खोटा निघाला, तर त्यांना काय तोंड दाखवू?

गावात दगडांचा अभ्यास असलेले एक निवृत्त गुरुजी भेटले. आधी भाकरी-ठेचा खायला घातला, मग चुंबक लावलं. ते चिकटलं आणि मी हरखलो. पण लोखंड कुठलंही चिकटतं, शेंदूर खरवडावा लागेल, असं ते म्हणाले. मी दगडाला हात जोडले आणि खरवडू दिलं. खाली काळी, काचेसारखी, भोकाभोकांची खपली निघाली.

‘भाऊ, हा वरून नाही आला. भट्टीतला मळ आहे हा. तुमच्याकडं कारखान्यांचा भराव टाकत असतील.’

टाकत होते, मिठागरांच्या बांधांवरच.

परतताना वाटभर एक गोड खोटं जुळवत आलो. आबांनी खरवडलेली बाजू पाहिली आणि ते तोंडातच राहिलं.

‘भट्टीचा हाय ना? मना ठाव हाय. जाल खारीच्या पान्यान परला, हाताला काय लागला नाय. गाव हसला, तवा दाखवाला बांधावरचा ह्यो उचलला. तुजे आयशीनं त्याला शेंदूर लावला. तिनं इश्वास ठेवला, मंग मना खरा सांगवला नाय.’

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. स्वतःच्या तोंडून सांगवेना, ते दुसऱ्या कुणी सांगावं म्हणून त्यांनी मला इतक्या लांब धाडलं होतं, आणि मला त्यांचा राग आला नाही, दया आली.

‘पन जाल परला व्हता,’ ते हळूच म्हणाले.

‘पडला होता, आबा,’ मी म्हणालो. मग शेंदूर कालवला आणि आईने लावला होता तिथे पुन्हा लावला.