भावजींची भीती आणि ताईचं यकृत

घाबरण्याच्या बाबतीत आमच्या भावजींचा हात धरणारा माणूस नव्वदच्या दशकातल्या अख्ख्या नवी मुंबईत सापडला नसता. लोक चोराला, विंचवाला घाबरतात. ताईचे यजमान शेंगदाण्याला घाबरत. प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृताच्या पेशी बघायची त्यांची नोकरी. बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष यकृताची काय दशा करतं, हे त्यांना रोज दिसे. त्यामुळे वाशीच्या घरी साबुदाण्याची खिचडी ठरली, की भावजी खिडकीत बसून एकेक दाणा फोडत, उजेडात धरत, हुंगत. खिचडी होईपर्यंत ताईची एकादशी संपून द्वादशी लागायची. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी घेताना ते माशाचं पोट उघडून यकृत दाखवायला सांगत. ‘मावरा घ्याचा हाय का पोस्टमार्टेम कराचा हाय?’ एक कोळीण कडाडलीच.

जेवतानाही त्यांच्या तोंडी पेशींचाच विषय. ‘धडधाकट पेशी एकीच्या दोन होतात. इजा झालेली बरेचदा नुसते आतले गुणसूत्रांचे संच दुप्पट, चौपट करते आणि एकटीच फुगून बसते. वयाबरोबर या फुगलेल्या वाढत जातात. दोन व्हायला मात्र कुरकुरतात.’

‘अहो, आमटी गार होतेय,’ ताई म्हणे.

मग ताईच्याच यकृतात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘बराच भाग काढावा लागेल, पण उरलेलं वाढतं.’ घरी आल्यावर तिने विचारलं, ‘खरंच वाढतं का हो?’ भावजींना खोटं बोलायचीही भीती. ‘उंदरांचं वाढतं,’ ते म्हणाले. ‘तरुण उंदरांचं.’ ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांचा भयंकर राग आला.

ऑपरेशन चालू असताना भावजी बाहेर बाकावर पुडीतले दाणे फोडत बसले. ‘आता तरी पुरे करा,’ मी चिडलो.

‘अरे, ती बरी झाल्यावर चांगले नकोत का?’ म्हणताना त्यांच्या हातून पुडी सुटली आणि सगळे दाणे फरशीवर सांडले. आम्ही दोघं खाली बसून वेचू लागलो. ‘उरलेल्या पेशींत फुगलेल्याच जास्त असल्या तर रे?’ त्यांनी हळूच मला विचारलं, यातलं ओ की ठो न कळणाऱ्याला.

‘होतील दोन, भावजी. ताईच्या पेशी आहेत,’ मी म्हटलं.

झाल्या. यकृत वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भावजी म्हणाले, ‘पुन्हा एकदा बघता का?’

आता भावजी नाहीत. ताई मात्र खिडकीत बसून एकेक दाणा फोडते, उजेडात धरते, हुंगते. परवा मी म्हटलं, ‘अगं, हल्ली निवडलेले मिळतात.’

‘ठाऊक आहे रे,’ ती म्हणाली. ‘पण माझ्यासाठी घाबरणारं आता कुणी उरलं नाही ना.’