वार्तानच्या आईचं पान

धोपाव्याहून फेरीबोट सुटली आणि समोर दाभोळ दिसू लागलं. आभाळात मळभ, खाडी राखाडी. माझं काम एवढंच होतं, एका चित्राचा फोटो काढून आर्मेनियात वार्तानला पाठवायचा.

वार्तान माझा चित्रकार मित्र. दाभोळात तो दोन पावसाळे राहिला. इथला जांभा (तांबडा दगड) बघून त्याला गावची तांबूस दगडी घरं आठवत. होड्या काढायला बसला तरी मागे तीच घरं उभी राहायची. लढाईत ते गाव सुटलं, आईचे फोटो तिथेच राहिले. आठवणीतून त्याने तिचं एकच चित्र काढलं आणि जाताना घरमालकीण शेवंतीकाकींना देऊन टाकलं. पुन्हा काढू, असं वाटलं होतं त्याला. आता तो अंथरुणाला खिळलाय, हात थरथरतात आणि आईचा चेहरा आठवत नाही.

जेटीवर चिखलात चपलेचा अंगठा तुटला. तशीच फरफटत चढ चढले. काकींनी आधी बांगड्याचं तिखलं (दाट, आंबट-तिखट कालवण) आणि भात वाढला, मग चित्र दाखवलं.

डोक्यावरचा रुमाल होता, खांदे होते. चेहऱ्याच्या जागी नुसता कॅनव्हास.

"काकी, हे काय झालं?"

"काय झालं? सर्वपित्रीला तिच्या कपाळाचं जुनं गंध चिंचेनं घासून काडतंय, देवांचे टाक घासतो तसं. मग नवं लावतंय. तिकडं त्येच्या आयचं करणारं कोण हाय? आमच्या पितरांच्या जोडीला तिचं पान वाडतंय. एक वर्स चुकवलं न्हाय."

मला भयंकर राग आला. पण नुकतीच त्यांच्या हातचं जेवले होते, बोलणार काय? फोटो न काढताच निघाले. परतीच्या बोटीत खाडीकडे बघवेना.

पुण्याला पोहोचल्यावर वार्तानला फोन करून खरं ते सांगितलं.

"पानात काय वाढतात?" त्याने विचारलं.

"भात, वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं झणझणीत सांबार."

"तिला तिखट सोसत नसे. जिभेला लागलं की ताट सारून उठायची."

चेहरा नाही, पण ताटावरून उठणारी आई तरी त्याला सापडली. माझं मन जरा हलकं झालं. काकींनाही बरं वाटेल म्हणून लगेच त्यांना फोन लावला.

तिखट लागलं की ती ताट सारून उठायची, हे सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी येवडी वर्सं ती माज्या दारातनं उपाशीच गेली गं बाय."